ऐंशी हाडांची मोजदाद

प्रेत सर्व अवयवांसह शाबूत असावे. विषाने मेलेल्याचे, दीर्घ आजाराने खंगलेल्याचे किंवा शंभरी गाठलेल्याचे नसावे. आतड्यांतला मळ काढून ते मुंज, कुश, ताग किंवा झाडाच्या सालीत गुंडाळावे, पिंजऱ्यात ठेवावे आणि आडजागी, संथ वाहत्या पाण्यात सोडावे. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू खरवडत जावे आणि त्वचेपासून हाडापर्यंतचा एकेक थर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शल्यक्रिया शिकणाऱ्यासाठी दिलेली ही कृती आहे. पुस्तकी ज्ञान आणि डोळ्यांनी पाहिलेले ज्ञान यांचा मेळ घातल्याखेरीज शल्यवैद्य होता येत नाही, ही तिच्यामागची भूमिका.

याच ठिकाणी हाडांची संख्याही दिली आहे: ३००. वेदवादी ३६० सांगतात, पण शल्यतंत्रात ३००च, असा खुलासाही सोबत आहे. चरकसंहिता आणि याज्ञवल्क्यस्मृती ३६०च्या बाजूच्या. आजचे पाठ्यपुस्तक २०६ सांगते. यावरून प्राचीनांना मोजता येत नव्हते असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले आणि प्राचीनांना आपल्यापेक्षा जास्त दिसत होते असे म्हणणारेही निघाले. दोघांनीही हिशेब उघडून पाहिला नाही. तो पाहिला रुडॉल्फ होर्न्ले या प्राच्यविद्यापंडिताने. प्राचीन भारतीय अस्थिशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ १९०७ साली ऑक्सफर्डला छापला गेला. सुश्रुताने दात हाडांत धरले आहेत, कूर्चाही धरली आहे. मानेच्या वरच्या भागात त्याने ६३ हाडे सांगितली आहेत, त्यांतले ३२ नुसते दात. बरगड्यांच्या बाजूला तो एकेका अंगाला ३६, म्हणजे एकूण ७२ हाडे सांगतो. हा आकडा ऐकून आजचा विद्यार्थी हसेल. पण चरकाच्या यादीत त्याची फोड मिळते: २४ बरगड्या, त्यांच्या २४ खोबणी आणि २४ उंचवटे. बरगडी मणक्याला जिथे टेकते तिथे तिचे टोक आणि त्याजवळचा उंचवटा असे दोन वेगळे सांधे खरोखरच असतात. मोजणाऱ्याने ते पाहिले होते, फक्त त्यांना वेगळे हाड मानले.

म्हणजे हाडे किती, या प्रश्नाचे उत्तर हाड कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. हे प्राचीनांपुरते खरे नाही. कवटी, पाठीचा कणा आणि छातीचा पिंजरा या शरीराच्या मधल्या सांगाड्यात आजचे शरीररचनाशास्त्र ८० हाडे मोजते. कवटीची २२, त्यांतली ८ मेंदूभोवतीची आणि १४ चेहऱ्याची, दोन्ही कानांत मिळून ६, गळ्यात जिभेच्या मुळाशी १, कण्याची २६, बरगड्या २४ आणि छातीचे मधले हाड १. हातापायांची, खांद्यांची आणि कमरेची १२६ त्यांत मिळवली की २०६ होतात.

या ८०मध्येही तडजोडी दडलेल्या आहेत. कण्याची २६ म्हणताना कमरेखालचे त्रिकास्थी एक धरले जाते. प्रत्यक्षात ते ५ मणक्यांचे असते आणि ते मणके पूर्ण जुळायला विशी उलटून जाते. माकडहाडात ३ ते ५ तुकडे असतात, तेही एकच धरायचे. खालचा जबडा जन्मतः दोन भागांत असतो, वर्षभरात सांधला जातो. नवजात बाळाच्या अंगात हाडांचे जवळपास २७० ते ३०० तुकडे सापडतात. २०६ हा आकडा एका ठरावीक वयाच्या, सरासरी माणसाचा आहे. परीक्षेत त्याला गुण मिळतात हे ठीक; पण ज्यांनी ज्यांनी तो प्रत्येक माणसाला लागू असलेला नियम मानला त्यांची फसगत झाली, आणि ती मुख्यतः याच मधल्या सांगाड्यात झाली.

युरोपातली सर्वांत लांबलेली फसगत गेलनची. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य रोमन साम्राज्यातला सर्वांत मोठा शरीररचनाकार. पण माणसाचे प्रेत फाडायची मुभा नसल्याने त्याचे बरेचसे ज्ञान माकडे, डुकरे यांच्यावर बेतलेले होते. खालचा जबडा दोन हाडांचा आणि छातीचे हाड सात तुकड्यांचे, असे त्याने लिहिले आणि पुढे हजारभर वर्षे ते तसेच पढवले गेले. १२००च्या सुमारास इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. बगदादचा अब्द अल-लतीफ तेव्हा तिथे होता. कैरोजवळ साचलेल्या सांगाड्यांच्या ढिगात त्याने कवट्या उचलून पाहिल्या, इतरांनाही पाहायला लावल्या, आणि सुमारे २००० कवट्यांपैकी एकातही जबड्याला मधला सांधा दिसला नाही असे लिहून ठेवले. गेलनपेक्षा डोळे अधिक विश्वासू, हा त्याचा निर्वाळा. युरोपला मात्र आंद्रेआस व्हेसेलियसची वाट पाहावी लागली. १५४३ साली बाझलला छापलेल्या त्याच्या ग्रंथात जबडा एक झाला, छातीचे हाड तीन भागांचे झाले. बायबलमधल्या आदमच्या गोष्टीमुळे पुरुषाला एक बरगडी कमी असते असा समज होता. स्त्री-पुरुष दोघांनाही बाराच जोड्या असतात हे त्याने सांगितले. त्याच वर्षी देहदंड झालेल्या याकोब कारर नावाच्या गुन्हेगाराचा सांगाडा त्याने बाझलमध्ये जोडून उभा केला. तो आजही तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

भारतात आधुनिक पद्धतीने प्रेत फाडण्याची सुरुवात १८३६ साली कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी केली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१मध्ये बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. पुढे याच देशाने जगाला सांगाडे पुरवले, हे फारसे बोलले जात नाही. विसाव्या शतकात अमेरिका-युरोपातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या टेबलावरची हाडे मोठ्या प्रमाणावर कलकत्त्याहून जात. ती कोणाची होती, हे बहुधा कोणी विचारले नाही. भारत सरकारने १९८५ साली या निर्यातीवर बंदी घातली.

आता कवटीकडे. ती एकसंध वाटते, पण असते जोडकामाची. मेंदूभोवतीची हाडे एकमेकांत दातेरी कडांनी गुंतलेली असतात. बाळाचे डोके जन्ममार्गातून येताना या कडा एकमेकींवर सरकू शकाव्यात आणि पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळावी, म्हणून हाडांच्या मध्ये पडद्यासारखे मऊ भाग राहतात. त्यांतले मोठे भाग म्हणजे टाळू. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची साधारण एक ते दीड वर्षात, कधी दोन वर्षांपर्यंत. मराठी घरांत न्हाऊमाखू घालताना टाळूवर तेल थापण्याची, टाळू भरण्याची रीत आहे. बाळाला ती सुखाची वाटत असेल. हाड मात्र आपल्या गतीनेच मिटते, तेलाने नव्हे. बालरोगतज्ज्ञ टाळूवर बोट ठेवतो ते दुसऱ्याच कारणासाठी. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की टाळू आत जाते, आणि मेंदूभोवतीचा दाब वाढला की फुगते. हाडांमधल्या शिवणी वेळेआधीच मिटल्या तर डोके वाकडे वाढते. दर दोन-अडीच हजार जन्मांमागे एका बाळात असे घडते आणि त्यावर वेळेत शस्त्रक्रिया करता येते.

याउलट काही शिवणी मिटतच नाहीत. कपाळाचे हाड जन्मतः दोन भागांचे असते. बहुतेकांत ते वर्षभरात जुळते, पण काही प्रौढांच्या कपाळात मधली शिवण जन्मभर राहते. मागच्या शिवणीत सुटी छोटी हाडे असणारी माणसेही कमी नाहीत. अशा माणसांच्या कवटीत २२पेक्षा जास्त हाडे भरतात आणि त्यांना त्याचा काहीही त्रास नसतो. त्रास होतो तो अपघातानंतर एक्स-रे वाचणाऱ्याला, कारण शिवण आणि तडा यांत फरक करावा लागतो.

खरी धोक्याची जागा कानशिलाजवळ आहे. तिथे चार हाडे एकत्र येतात, हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या अंगाला मेंदूच्या आवरणाची एक धमनी चिकटून जाते. तिथे फटका बसून धमनी फाटली तर हाड आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते. माणूस पडतो, उठतो, कपडे झटकतो, बोलतो, घरी जातो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. इंग्रज अभिनेत्री नताशा रिचर्डसन २००९ साली कॅनडात बर्फावर घसरून पडली, तेव्हा तिने सुरुवातीला उपचार नाकारले होते. दोनच दिवसांत तिचा मृत्यू झाला, आणि कारण हेच होते. डोक्याला मार लागलेल्याला ‘बोलतोय ना, मग ठीक आहे’ म्हणून झोपू देणे म्हणूनच अंगाशी येते.

कानाच्या आत हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातले सर्वांत छोटे हाड. हातोडा आणि ऐरण यांचा वंश सरपटणाऱ्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यापर्यंत जातो, हे जर्मन शरीररचनाकार कार्ल राइखर्ट याने १८३७ साली भ्रूणांच्या अभ्यासावरून मांडले आणि जीवाश्मांनी पुढे ते पक्के केले. या हाडांभोवतीचा कानशिलाचा आतला भाग फार घट्ट असतो. हजारो वर्षांनंतरही डीएनए टिकून राहतो तो बहुधा तिथेच, म्हणून प्राचीन माणसांच्या जनुकांचा शोध घेणारे हल्ली आधी हाच तुकडा शोधतात. उष्ण, दमट भारतात हे काम किती अवघड आहे ते राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळाने दाखवले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या साठाहून अधिक नमुन्यांची तपासणी केली. पुरेसा डीएनए मिळाला तो एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून. २०१९ साली प्रसिद्ध झालेला सिंधू संस्कृतीच्या काळातला तो पहिला जनुकसंच.

कवटीने माणसाला बरेच शिकवले, पण तिच्या नावावर जितके खोटे शास्त्र रचले गेले तितके दुसऱ्या कोणत्याही हाडाच्या नावावर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोक्यावरच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारे निघाले. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने कवट्या भरभरून त्यांचे आकारमान मोजले आणि वंशांची उतरंड लावली. त्याची मापे चुकली होती का, यावर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अभ्यासकांत वाद चालू आहे, पण तो दुय्यम म्हणावा लागेल. मापे अचूक असली तरी त्यांवर उभारलेली उतरंड अचूक होत नाही. भारतात हर्बर्ट रिझलीने नाकाच्या मापावरून जातींची क्रमवारी लावण्याचा घाट घातला. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त तेच होते.

या वादात एका मराठी संशोधिकेचा वाटा आहे. ‘युगान्त’कार म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. विषय होता कवटीची असममिती, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. गोऱ्या युरोपीयांच्या कवट्यांत उजवी बाजू वेगळी वाढलेली असते आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी आहे, असा फिशरचा कयास होता. कर्वेंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. असममिती सगळीकडे होती, पण वंशाशी तिचा काही संबंध दिसत नव्हता. गुरूला हवा तो निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही, असे त्यांनी त्याच्याच संस्थेत बसून लिहिले. ती संस्था पुढे नाझींच्या वंशधोरणाची पाठराखीण झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रबंधाचे वजन कळते. पुण्याला परतल्यावर कर्वेंनीही मापपट्टी सोडली नाही. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमोजमापे घेतली. ते पुस्तक १९५१चे. एकाच वर्णाच्या किंवा एकाच धंद्याच्या जातींचा उगम एकच असेल असे नाही, ही मांडणी त्यांनी पुढे केली. जात समजून घेण्यासाठी डोकी मोजण्याचा मार्गच मुळात किती दूर नेतो, असा प्रश्न आज कोणी विचारला तर तो गैर नाही.

कवटी कोणत्या जातीची हे सांगता येत नसले तरी ती कोणाची नाही हे मात्र सांगता येते. सप्टेंबर १९३५मध्ये स्कॉटलंडमधल्या मोफॅटजवळ एका ओढ्यात दोन स्त्रियांच्या शरीराचे तुकडे सापडले. संशय होता लँकेस्टरमध्ये दवाखाना चालवणाऱ्या बक रक्स्टनवर. हा मूळचा मुंबईचा पारशी डॉक्टर. बेपत्ता होत्या त्याच्याबरोबर पत्नी म्हणून राहणारी इझाबेला आणि घरातली मोलकरीण मेरी रॉजरसन. ओळख पटू नये म्हणून चेहरे विद्रूप केले होते. ग्लासगोचे जॉन ग्लेस्टर आणि एडिंबराचे जेम्स ब्रॅश यांनी दोन्ही कवट्यांची छायाचित्रे त्या स्त्रियांच्या हयातीतल्या छायाचित्रांवर त्याच कोनातून, त्याच मापात बसवून पाहिली. एक कवटी एकीला जुळली, दुसरी दुसरीला. अदलाबदल केली तर एकही जुळेना. मे १९३६मध्ये रक्स्टनला फाशी झाली. छायाचित्रावर कवटी बसवण्याची ही पद्धत पुढे अनेक देशांतल्या न्यायवैद्यकाने उचलली. तिचा भर नाकारण्यावर अधिक असतो. ओळख पक्की करायला आता डीएनए लागतो.

छातीच्या पिंजऱ्याबद्दल थोडक्यात. बारा जोड्यांपैकी वरच्या सात थेट छातीच्या हाडाला कूर्चेने जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या कूर्चेला टेकलेल्या आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. श्वास घेताना वरच्या बरगड्या पुढे उचलल्या जातात, खालच्या बाजूंना फाकतात. छातीच्या हाडाच्या वरच्या भागात बोटाला लागणारा एक आडवा उंचवटा आहे. तिथे दुसरी बरगडी येऊन मिळते. डॉक्टर बरगड्या मोजतात त्या तिथून, कारण पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त खेळते ठेवण्याची पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. प्रौढ माणसात त्यात बरगड्या मोडणे नेहमीचे आहे आणि त्या भीतीने हात आखडता घेऊ नये, असे प्रशिक्षणात बजावले जाते.

बाराचा हिशेबही सगळ्यांना लागू नाही. शंभरातल्या एखाद्या माणसाला, किंवा त्याहूनही कमी जणांना, मानेच्या शेवटच्या मणक्यालाही बरगडी असते. बहुतेकांना ते कधी कळत नाही. काहींच्या हाताला मुंग्या येतात, कारण तिथून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिनी दाबली जाते. कुणाला कमरेच्या पहिल्या मणक्यावर तेरावी जोडी असते, कुणाला बारावी नसतेच.

हे असे का होते याचे उत्तर गेल्या तीस वर्षांत बरेच स्पष्ट झाले. भ्रूणाच्या पाठीवर मणक्यांचे मूळ गोळे एकामागून एक, ठरावीक वेळाने तयार होतात. कोंबडीच्या भ्रूणात दर ९० मिनिटांनी एक. या तालाचे जनुकीय घड्याळ ऑलिव्हिए पुर्के आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले. कोणत्या गोळ्याने मान व्हायचे, कोणत्याने छाती आणि कोणत्याने कंबर, हे हॉक्स नावाची जनुके ठरवतात. २००३ साली डेनीन वेलिक आणि मारिओ कॅपेकी यांनी उंदरांतला या जनुकांचा एक गट, हॉक्स-१०, पूर्ण निकामी केला, तर कमरेच्या मणक्यांवरही बरगड्या उगवल्या. दुसरा गट निकामी केल्यावर त्रिकास्थीच तयार झाले नाही. म्हणजे बरगडी हा मणक्याचा जणू मूळ स्वभाव, आणि कमरेला ती नसते कारण तिथे तिला मनाई केली जाते.

मानेत मात्र निसर्ग फार कडक आहे. जिराफाच्या मानेत सात मणके, उंदराच्या मानेत सात, माणसाच्याही सातच. सस्तन प्राण्यांत याला अपवाद स्लॉथ आणि मॅनटी हे दोनच. डच जीवशास्त्रज्ञ फ्रीट्सन गालिस यांच्या मते याचे कारण भ्रूणावस्थेत आहे: मानेचे मणके ठरतात त्या टप्प्यावर इतर अवयवही घडत असतात, त्यामुळे तिथला बदल एकटा येत नाही. मृतजात अर्भकांत मानेची बरगडी प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आढळते, हा त्यांचा पुरावा.

मानेत ७, छातीत १२, कमरेत ५. मध्ये २३ गाद्या. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमध्ये गादी नसते. तिथे दुसऱ्या मणक्याचा खुंटा पहिल्याच्या कड्यात फिरतो, म्हणून मान नकारार्थी हलते. कण्याच्या उंचीचा सुमारे चौथा हिस्सा या गाद्यांचा. दिवसभराच्या भाराने त्यांतले पाणी थोडे बाहेर जाते आणि संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर घटते. झोपल्यावर भरून निघते. गुरुत्वाचा भार नसलेले अंतराळवीर उलट काही सेंटिमीटरनी उंच होतात.

बाजूने पाहिले तर कणा नागमोडी दिसतो. जन्मतः तो बाहेरच्या बाजूला एकाच कमानीत असतो. बाळ मान धरते तेव्हा मानेचा आतला बाक येतो, उभे राहून चालू लागते तेव्हा कमरेचा. दोन पायांवर तोल सांभाळण्यासाठी हा बाक अपरिहार्य आहे, आणि गरोदरपणात त्याची खरी कसोटी लागते. कॅथरिन विटकम, लिझा शपीरो आणि डॅनियल लिबरमन यांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये दाखवले की पोट पुढे आल्यावर तोल राखण्यासाठी बाई कमरेचा बाक वाढवते, आणि तिचा कणा त्यासाठी घडलेला असतो: बाकाच्या जागी पाचरीच्या आकाराचे मणके पुरुषांत दोन, स्त्रियांत तीन. वीस लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकसच्या सांगाड्यांतही हा फरक त्यांना दिसला. माणसाचा कणा म्हणजे चार पायांच्या जनावराचा उभा केलेला, अर्धवट जमलेला आराखडा आहे, असे सरसकट म्हटले जाते. या संशोधनानंतर ते विधान जरा जपून करायला हवे.

आजार मात्र कण्याला पुष्कळ. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली पाठीला कुबड येऊन पाय लुळे पडणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. तो मणक्यांचा क्षयरोग होता. हाडांच्या क्षयात निम्म्याच्या आसपास रुग्णांत तो मणक्यांत असतो, आणि भारतात आजही तो दिसतो. खोकला नसतो, त्यामुळे संशय येत नाही. पाठदुखी, बारीक ताप आणि घटते वजन एवढेच. पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने कण्याचे अस्थिबंध टणक होऊन पाठ ताठ होते, हे १९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोरच्या रुग्णांवरून मांडले गेले. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरवेलांत हेच फ्लोराइड आहे. तिथल्या माणसाला मान वळवता येत नाही आणि त्याचे कारण त्याच्या हंड्यात असते. पाठीच्या दुखण्यावरच्या शहरी चर्चेत या गावांचे नाव येत नाही.

शहरी चर्चा असते ‘मणक्यात गॅप’ची आणि ‘गादी सरकल्या’ची. गादी सरकून नस दाबली जाते आणि पायात कळ जाते, हे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९३४ साली बोस्टनहून मांडले आणि शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. एमआरआय आल्यावर तर गाद्या उघड दिसू लागल्या. पण दिसते ते सगळे दुखण्याचे कारण असते का? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३३ अभ्यासांतल्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. या सगळ्यांना पाठदुखी नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. गादी फुगलेली दिसणाऱ्यांचे प्रमाण विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४. केस पांढरे व्हावेत तशा गाद्या झिजतात. अहवालात ‘झीज’ हा शब्द वाचून घाबरलेला रुग्ण आणि तेवढ्यावर शस्त्रक्रियेची तारीख देणारा डॉक्टर, दोघांनीही हे आकडे डोळ्यांसमोर ठेवायला हवेत. जगभरात २०२० साली कंबरदुखीने त्रस्त माणसे ६१ कोटी ९० लाख होती असा अंदाज आहे. एवढ्या माणसांच्या कण्यात शस्त्रक्रियेजोगा दोष असणे शक्य नाही.

मोजदादीचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो, आणि आता तो पुस्तकी राहत नाही. कमरेचा शेवटचा मणका त्रिकास्थीला जुळलेला, किंवा त्रिकास्थीचा पहिला सुटा असलेला, अशी माणसे वेगवेगळ्या अभ्यासांत ४ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत सापडली आहेत. अशा कण्यात एकजण खालून मोजतो, दुसरा वरून, आणि ‘चौथा-पाचवा’ म्हणून दोघे वेगवेगळ्या जागा दाखवतात. चुकीच्या पातळीवर चीर जाण्याचे हे एक ज्ञात कारण आहे. म्हणून अनुभवी शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या टेबलावर पुन्हा एक्स-रे घेऊन मणके मोजतात.

वाचकाने कंबरेचा एमआरआय केला असेल तर अहवालातल्या शब्दांआधी दोन गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात. चित्रात दिसणारी जागा आणि आपल्या पायात जाणारी कळ यांचा मेळ बसतो का? आणि आपले मणके नेहमीसारखे पाच आहेत ना, मोजले कुठून? साधी कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत चालत-फिरत राहून कमी होते. मात्र लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, जांघांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी मणक्यांची शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णालयात जावे.